पर्जन्यछायेतला मुक्काम

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं.

ह्या वेळेला, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या व्हिलाच्या डायनिंग टेबलावर, माझ्या पोटच्या मुलाने माझा अपमान केला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. ह्या घरात लोक सोयीने विसरतात.

राजन म्हणाला, आई, पाचगणीचं घर विकून टाकू. तू आता एकटी राहू शकत नाहीस. हे तो पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाला. लिंबावरची नजरसुद्धा काढली नाही.

मी विचारलं, हे कुणी ठरवलं? तर म्हणाला, अगं, गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडलीस की. मी पडले नव्हते. घाईत बसले होते. हा फरक कळायला भाषेची जाण लागते, आणि राजन इंजिनिअर आहे.

शुभ्रा म्हणजे आमच्या सूनबाई. बँकेत कम्प्लायन्स नावाचं काहीतरी करतात, म्हणजे लोकांना नियम पाळायला लावतात, घरीही तेच करतात. त्या म्हणाल्या, आई, पाचगणीच्या थंडीत गुडघे धरतात म्हणून दर हिवाळ्यात इथे येताच ना तुम्ही? मग कायमच राहा. मला ती वॉशिंग मशीनशेजारची खोली कायमची मिळणार. केवढं हे भाग्य.

नात ईरा म्हणाली, आज्जी, यू आर बेसिकली अ स्नोबर्ड. कॅनडातली म्हातारी माणसं थंडी पडली की घराएवढ्या गाड्या घेऊन दक्षिणेला जातात म्हणे, आणि वसंतात परत येतात. त्यांना तसं म्हणतात. मी म्हटलं, बघा, त्यांची मुलं त्यांना घर विका म्हणत नाहीत. ती म्हणाली, दे सोल्ड इट ऑलरेडी, आज्जी. दॅट्स हाउ दे बॉट द आरव्ही.

पण कल्पना मला पटली. तिथल्या तिथे अटी घातल्या. एक मार्चपर्यंतचा हिवाळा मी अशाच गाडीत काढीन. ह्या घरातल्या कुणाचीही मदत घेणार नाही. जमलं, तर पाचगणीच्या घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, मध्येच ह्या घरात राहायला आले, तर मी सही करीन.

राजन हसला. हात पुढे केला. हाताला लिंबाचा वास.

त्याला विसर पडलेला दिसतो की त्याच्या आईने जन्मभर भूगोल शिकवला, त्यातली निम्मी वर्षं इथे, अबू धाबीत. इथला हिवाळा मी पोरांकडून घोकून घेतलेला आहे: निरभ्र आकाश, कोरडी हवा, सुखद तापमान. हे जिंकणं इतकं सोपं आहे की थोडी लाजच वाटते.

१७ डिसेंबर, बुधवार.

मोटरहोम आलं. शारजातल्या एका माणसाकडून भाड्याने. फ्रीज आडवा करून त्याला चाकं लावावीत तसं दिसतं. आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि एक बाथरूम, ज्यात अंघोळ करायची की कमोडवर बसायचं हे आधी ठरवून आत जावं लागतं. भाडं दिरहॅममध्ये ठीक होतं. राजनने ते मोठ्याने रुपयांत करून सांगितलं. इतकी वर्षं इथे राहून ही सवय गेली नाही.

माझं इथलं लायसन्स अजून चालतं. व्हिलाच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. कचऱ्याचा डबा चुकीच्या जागी ठेवलेला होता, तो आता योग्य जागी गेला.

सोबतीला उर्मिला. शाळेत ती संगीत शिकवायची. सध्या दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये मुलीकडे, इशिताकडे, कितव्या तरी मजल्यावर राहते आणि काचेतून खाली बघत बसते. फोनवर म्हणाली, अगं मृणाल, मला नाही जमायचं. मी म्हटलं, शनिवारी सकाळी न्यायला येते. ह्याला मी होकार धरते.

निश्चय: रोज पहाटे चालणे. पाव बंद. राजनला आठवड्यातून एकच मेसेज, तोही विजयी.

२० डिसेंबर, शनिवार. फुजैरा.

उर्मिलाला घेऊन निघताना राजनचा फोन. ॲपवर दाखवतंय म्हणे, पुढच्या आठवड्यात पश्चिमेकडून ढग येतायत, यंदा हवेचं काही खरं नाही. मी म्हटलं, पश्चिमेकडून ना? म्हणूनच मी पूर्वेला चालले आहे.

सिद्धांत इथे नीट मांडून ठेवते. सह्याद्रीकडे बघा. पश्चिमेकडून ढग येतात, महाबळेश्वरावर धो धो कोसळतात, आणि घाट उतरून वाईला यावं तर रस्ता कोरडा. ह्याला पर्जन्यछाया म्हणतात. आता हजर पर्वताकडे बघा. तसाच उभा, उत्तर-दक्षिण. पश्चिमेला दुबई-अबू धाबी, पूर्वेला फुजैरा. म्हणजे फुजैरा ही इथली वाई. ढग डोंगरापलीकडे रिकामे होणार आणि मी समुद्रकाठी खुर्ची टाकून संत्रं सोलणार.

इतकी साधी गोष्ट एकाही ॲपला कळू नये.

उर्मिलाने विचारलं, पण मृणाल, वाईला समुद्र कुठे आहे? संगीताच्या लोकांना हे असं सुचतं.

२१ डिसेंबर, रविवार.

समुद्रकाठच्या मुक्कामतळावर जागा मीच निवडली. बाकीच्या गाड्या वर, खडबडीत चढावर, एकमेकींना चिकटून. मूर्खपणा. खाली त्यांच्यापासून दूर एक सुरेख सपाट पट्टा आहे, गोल गोल गुळगुळीत दगडांचा, झाडूने साफ केल्यासारखा. एकही गाडी नाही. लोकांना चांगली जागा ओळखता येत नाही.

शेजारी, म्हणजे वरच्या चढावर, श्री. संजय टिपणीस नावाचे गृहस्थ. फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवरून रिटायर. विधुर. डोक्यावर कॅप, तिच्यावर जहाजाचं चित्र. प्रत्येक वाक्याला इन्शाल्ला. पाण्याची बाटलीसुद्धा उघडली तर इन्शाल्ला उघडेल म्हणतात. दर हिवाळ्यात इथे ट्रेलर आणतात म्हणे. मी विचारलं नव्हतं.

न विचारता हेही म्हणाले, मॅडम, तिथे नका लावू. ती वादी आहे. वादी म्हणजे नदीचं कोरडं पात्र. मी म्हटलं, ते मला दगडांवरून दिसतंय, गोलाई पाण्यानेच येते. पण ही नदी हिमयुगात मेली. ते म्हणाले, नाही हो मॅडम, परवाच्या एप्रिलात चांगली जिवंत होती. मी म्हटलं, मी भूगोल शिकवलाय. ते म्हणाले, खलास, मग प्रश्नच मिटला. आणि वर निघून गेले. हा टोमणा होता की शरणागती, ठरवते आहे. शरणागतीच.

२४ डिसेंबर, बुधवार.

आकाश निळं. तेवीस डिग्री. राजनला फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

उर्मिला तासातासाला हवामान बघते. तिच्या ॲपवर ढगाचं चित्र आहे, ढगाखाली तीन थेंब. म्हणते, हे थेंब काल दोनच होते गं. मी फोन काढून घेतला. दुपारी परत दिला, कारण रडवेली झाली.

संध्याकाळी एका फ्रेंच जोडप्याने नाताळचं गाणं लावलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हे गाणं चार आवाजांत शिकवलं होतं, पाचगणीच्या डिसेंबरात, बिनस्वेटरचं. सिस्टर म्हणायच्या, कुडकुडणं हा शिस्तीचा अभाव आहे. मी एक कडवं म्हणून दाखवलं. फ्रेंच जोडप्याने गाणं बंद केलं. ऐकत असावेत.

पहाटे चालणे: उद्यापासून.

२७ डिसेंबर, शनिवार.

सकाळी डोंगरावर काळं झालं. उर्मिलाला समजावलं, हा नुसता दिखावा. दुपारी डोंगरात गडगडाट. इथे? चार थेंब. मोजून चार, खुर्चीवर. राजनला मेसेज टाकला: डोंगरात कोसळतोय, इथे कोरडं. सिद्धांत सिद्ध.

एवढ्यात गाड्याच गाड्या. दुबईहून, शारजाहून. ह्या देशात पाऊस आला की शहाण्या माणसाने घरात बसावं तर हे लोक सहकुटुंब पाऊस बघायला निघतात. दारं उघडी, गाणी चालू, करक चहा, पोरांच्या हातात चिप्स. एका बाईने काठावरून माझ्या मोटरहोमचा व्हिडिओ काढायला घेतला. मी हात केला. ती ओरडून म्हणाली, आंटी, पानी आ रहा है! मी म्हटलं, कहाँ, एक थेंब नहीं है. ती म्हणाली, ऊपर से नहीं, पीछे से!

पाऊस इथे पडला नव्हता. डोंगरात पडलेला मात्र सगळा इकडून समुद्राला निघाला होता. तपकिरी, फेसाळ, दगड गडगडवत. आधी बाहेरची चटई गेली. मग खुर्ची. मग पायरीवर काढलेल्या उर्मिलाच्या कोल्हापुरी चपला, एकीमागे एक, समुद्राच्या दिशेने, शिस्तीत. उर्मिला स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली आणि रामरक्षा म्हणू लागली. सुरात होती, हे मान्य करायला हवं.

टिपणीस जीप घेऊन उतरले. मागच्या मागे ओढायचं म्हणाले, दोर बांधला, आणि यल्ला यल्ला करत आम्हाला चढावर घेतलं. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडी ओढू दिली. मदत मागितली नव्हती. शिवाय ते आमच्या घरचे नाहीत, त्यामुळे अटीचा भंग नाही.

ते म्हणाले, हिमयुग संपलं वाटतं, मॅडम. सिद्धांत पावसाबद्दल होता. पाण्याबद्दल मी काहीच बोलले नव्हते.

२८ डिसेंबर, रविवार.

व्हिडिओ ईराच्या मैत्रिणीने ईराला पाठवला. ईराने राजनला दाखवला. राजनचा फोन, आवाज चढलेला. आई, खलास, आता परत ये. मी म्हटलं, कालचा पाऊस मोजता येणार नाही. इथे विमानातून ढगांवर मीठ फवारतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माणसांनी पाडलेला पाऊस हा हिवाळा नव्हे. आपलं ठरलं होतं ते नैसर्गिक हिवाळ्याबद्दल.

ईराने फोन घेतला. आज्जी, दॅट्स नॉट हाउ रेन वर्क्स. एवढं मोठं स्टॉर्म नोबडी कॅन मेक. ही मुलगी युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकते. चार भिंती बांधण्यापलीकडे हिने हवेबद्दल बोलू नये.

संध्याकाळी इशिता उर्मिलाला न्यायला आली. उर्मिला गाडीत बसताना म्हणाली, मृणाल, तू पण चल ना गं. अनवाणी होती. मी म्हटलं, बुडत्या जहाजावरून आधी कोण उड्या मारतं ते मला माहीत आहे. ती म्हणाली, अगं, जहाज बुडत होतं हे तरी कबूल कर.

रात्री तिच्याकडून गरम पाण्याच्या शॉवरचा फोटो. नुसता शॉवरचा. खाली हात जोडलेले.

३१ डिसेंबर, बुधवार. जबल जैसच्या वाटेवर.

नवा आणि निर्दोष विचार. पाऊस ढगांतून पडतो. ढग खाली असतात. म्हणून ढगांच्या वर जावं. देशातल्या सर्वांत उंच डोंगरावर चालले आहे. इतकी सोपी गोष्ट आणि एवढे दिवस मी टिपणीसांच्या सहवासात वाया घालवले.

टिपणीस निरोप द्यायला आले होते. मॅडम, वर थंडी असते, ब्लँकेट घेऊन जा, मग परत आणून द्या, इन्शाल्ला. मी म्हटलं, मी पाचगणीची आहे. ब्लँकेट त्यांनी सीटवर ठेवलंच. काढून परत देणं असभ्यपणाचं दिसलं असतं.

नववर्षाचे निश्चय: तेच. पाव वगळून.

२ जानेवारी, शुक्रवार. वर.

थंडी आहे. नोंद म्हणून लिहिते, तक्रार म्हणून नव्हे. पाण्याचा पाइप आखडला. शेगडीची गॅसची टाकी धुसफुसते. अंगावर दोन साड्या, ईराचा जुना हुडी, टिपणीसांचं ब्लँकेट. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे ज्या स्थितीत बसले त्या स्थितीत उतरते.

दुपारी टपोऱ्या गारा. पत्र्यावर कुणीतरी हरभरे ओतावेत तसा आवाज. बाहेर लोक नाचत होते. गारा वाटीत गोळा करून एकमेकांना भरवत होते. माशाल्ला, माशाल्ला. अशा लोकांमुळे हवामानाला शेफारायला होतं.

पाचगणीला सुरैय्याला फोन लावला. शेजारीण, घराच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. म्हटलं, तिकडे बर्फ पडत असेल. ती म्हणाली, कसला बर्फ, मृणालिनीबाई! यंदा थंडीच नाही. पंखे लावून झोपतोय. स्ट्रॉबेरी करपली उन्हाने. तुम्ही कशाला गेलात तिकडे?

ह्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज वाटली नाही.

मग ती म्हणाली, बाई, एक विचारू? काल एक माणूस मेजर-टेप घेऊन आला होता. घर मापायचं म्हणाला. राजनसाहेबांनी पाठवलंय म्हणाला. मी सांगितलं, मालकीणबाई आत झोपल्यात, उठल्या तर खैर नाही. पळाला.

सुरैय्याला परत गेल्यावर साडी द्यायला हवी. चांगली.

राजनला फोन केला. तो म्हणाला, आई, नुसतं व्हॅल्युएशन गं, किती येतात ते कळावं म्हणून. मी म्हटलं, मार्च अजून आलेला नाही. तो म्हणाला, आई, तुझे दात वाजतायत. मी म्हटलं, लाइनच खराब आहे.

घर दोन खोल्यांचं आहे. मागच्या खिडकीतून कृष्णेचं खोरं दिसतं. ह्यांना शेवटच्या वर्षी तिथेच पलंग लावला होता. ह्यात मेजर-टेपने मापण्यासारखं काय आहे?

आता तर मी मार्चच काय, एप्रिलही काढीन.

५ जानेवारी, सोमवार.

शमाल सुटला. म्हणजे वायव्येचा वारा. खिडकीवरचं कापडी छप्पर उघडं ठेवलं होतं. ते गेलं. कुठे गेलं ते खालच्या एका इराणी जोडप्याला माहीत आहे, कारण ते त्यांच्या बार्बेक्यूवर जाऊन बसलं. ते भले लोक. कापडाच्या आत गुंडाळून दोन कबाबही पाठवले. खाल्ले नाहीत. म्हणजे एक खाल्ला.

विचारान्ती असं दिसतं की उंची ही चूक होती. चूक माझी नव्हे, डोंगराची. इतका उंच असायला नको होता.

निष्कर्ष: समुद्र नको, डोंगर नको. वाळवंट. जिथे पाऊस पडत नाही म्हणूनच त्याला वाळवंट म्हणतात. ही व्याख्या आहे. व्याख्येला ॲप काही करू शकत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. अल ऐनच्या पुढे, वाळूत.

उत्तम. शांत. माणूस नाही. वाळूचे डोंगर, मऊ, कोरडे. राजनला फोटो.

सकाळी धुकं. इतकं दाट की स्टिअरिंगवरचा माझाच हात परक्याचा वाटला. काचेला टकटक झाली. पुसून पाहिलं तर उंट. वरून खाली बघत होता, खालचा ओठ लोंबता, कम्प्लायन्सवाल्यांसारखा. हटला नाही. मी पडदा ओढला.

धुकं हा पाऊस नव्हे. आधीच लिहून ठेवते.

१२ जानेवारी, सोमवार.

पाऊस.

वाळवंटात. काल दुपारपासून. व्याख्येच्या विरुद्ध. छताच्या झरोक्यातून थेंब नेमका उशीवर. उशी फिरवली तर थेंब फिरला.

गाडी जिथे लावली ती जागा वाळूची नव्हती, खारट चिकणमातीची होती, वर वाळूचा मुलामा. आता मागची दोन्ही चाकं आत. फरशीवर चमचा ठेवला तर चालायला लागतो. मी पलंगावर बसले की पलंगाच्या पायथ्याशी पोचते.

मदत मागणार नाही. फक्त कॅरव्हॅनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांच्या माहितीसाठी एक टीप टाकली: अमुक ठिकाणी जमीन मऊ आहे, कुणी येऊ नये. सोबत लोकेशन. सोबत चाकांचा फोटो. सोबत सांगितलं की बिस्किटं संपली आहेत, ही केवळ माहिती.

१३ जानेवारी, मंगळवार.

जीप आली. टिपणीस. शेजारच्या सीटवर कोण? उर्मिला. मांडीवर थर्मास. पायात नव्या चपला, इथल्याच बाजारातल्या, जरीच्या. मी नुसतं बघितलं तर लगेच म्हणाली, अगं, संजयनी घेतल्या. संजयनी!

एकेकाळी ही बाई मला विचारल्याशिवाय स्टाफरूममध्ये पंखा लावत नसे.

टिपणीस चाकाखाली फळ्या सारत म्हणाले, मॅडम, ह्यावेळी तरी विचारतो, ओढू का? मी म्हटलं, तुमची इच्छा असेल तर. ते म्हणाले, माझी नाही, चिखलाची इच्छा विचारतोय. उर्मिला हसली. मग ओढताना दोघं गात होते. एक ओळ हा, एक ओळ ती. वाळवंटात, चिखलात, ह्या वयात. मी खिडकी लावून घेतली.

गाडीचा मागचा एक्सल वाकला म्हणे. शारजाच्या मालकाने फोनवर सांगितलं की दुरुस्त होईपर्यंत ती पुन्हा खडबडीत रस्त्यावर नेऊ नये. टिपणीसांनी विचारलं, मग कुठे सोडू? तुम्हाला फुजैराला चालेल, वरच्या चढावर जागा आहे. उर्मिला म्हणाली, चल ना गं, मजा येते. मी तिला विचारलं, तुझं जहाज कोणतं आता? ती म्हणाली, जे ओढायला येतं ते.

मी पत्ता दिला. मोहम्मद बिन झायद सिटी. घरात नव्हे. घरासमोर. त्यात फार फरक आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

मोटरहोम राजनच्या व्हिलासमोर, रस्त्याच्या कडेला. मी आत. म्हणजे मोटरहोमच्या आत. शर्त अबाधित आहे.

शुभ्राने खिडकीतून तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली. मी म्हटलं, बोलतेच आहे. मग म्हणाली, आई, गुळाची पोळी केलीये, आत येऊन गरम खा. सापळा. मी म्हटलं, खिडकीतून दे. अन्न ही मदत नव्हे, सणाचा रिवाज आहे. तूप कमी होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार.

शेजारच्या व्हिलातल्या मुलांनी ‘आइसक्रीम आहे का’ म्हणून दार वाजवलं. तिसऱ्यांदा.

बाथरूमचं पाणी संपलं. शुभ्राचं बाथरूम वापरलं. राहणं वेगळं, पाहणी वेगळी. पाहणीत असं आढळलं की गिझर उत्तम चालतो. अर्धा तास पाहणी केली.

ईरा बाहेर टॉवेल घेऊन उभी. आज्जी, यू नो यू कॅन जस्ट कम इन, राइट? मी म्हटलं, आणि घर? तिने टॉवेल पुढे केला. मग मराठीत म्हणाली, आज्जी, मला पण ते घर आवडतं. बाबांना सांगून बघते. लहानपणापासून ह्या मुलीने माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोललेलं मला आठवत नाही. व्याकरणात खोट काढता आली नाही.

१७ जानेवारी, शनिवार.

राजन पायजम्यावर आला, हातात चहा. पायरीवर बसला. म्हणाला, आई, सोड ती शर्त. थंडी वाजतेय तुला. खोकतेयस. घराचं नंतर बघू. आत ये.

नंतर बघू म्हणजे काय? मी विचारलं. तो म्हणाला, म्हणजे नंतर बघू. आणि चहा मला देऊन गेला.

चहा प्यायले. पण नंतर बघू ह्या दोन शब्दांवर कोण आत जाईल? तोंडी बोलणं. उद्या म्हणेल, मी असं म्हणालोच नव्हतो. शिवाय दया म्हणून बोलावणार आणि मी जाणार? आजवर ह्या गुडघ्यांनी हवेपुढे हार खाल्ली असेल. राजनपुढे नाही.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी २ वाजून १५ मिनिटं.

राजनला द्यायच्या पत्राचा मसुदा. फेअर कॉपी ईराच्या हाती जाईल.

चि. राजन यास. तू मला आत बोलावलंस हे मी ऐकलं. ते लेखी हवं आहे, खालीलप्रमाणे. एक, माझं आत येणं तुमच्या विनंतीवरून आहे, माझ्या गरजेवरून नव्हे. कारण तुम्हीच निवडा. शुभ्राच्या आमटीला चव नसणे हे चालेल. दुसरं, यंदाचा हिवाळा सदोष होता, दोन्ही देशांत, त्यामुळे शर्त रद्द समजावी. तिसरं, मेजर-टेपवाल्याला कळवावं की घर विकायचं नाही, कधीही. उत्तर सहीनिशी, शुद्ध मराठीत, आज संध्याकाळी सहाच्या आत. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ग्राह्य धरला जाणार नाही.

२ वाजून ५० मिनिटं. पश्चिमेकडून काळं येतंय. ‘कधीही’ काढून ‘पुढच्या हिवाळ्यापर्यंत’ असं केलं. अवाजवी मागणी करू नये. मुदत पाच.

३ वाजून २० मिनिटं. झरोक्यातून पलंगावर. आमटीचा मुद्दा वगळला. शुभ्राची आमटी वाईट नसते. मराठी शुद्ध नसली तरी चालेल. मुदत साडेचार.

३ वाजून ४० मिनिटं. ब्लँकेट ओलं. ईरा खिडकीबाहेर छत्री घेऊन उभी आहे, पत्र दे म्हणते. शर्त रद्द केली नाही तरी चालेल, फक्त टेपवाल्याला थांबवा आणि मला आत बोलावलंय असं कुणीतरी एक ओळ लिहा. व्हॉट्सॲपवर लिहा. अंगठाही चालेल. पण चारच्या आत हवा.